खोके कंपनीचे, माल कोणाचा?



जिल्हा बैठकीचे विषय ठरलेले असतात: भाव, कर्ज, वीज, पाणी. पण गेल्या काही बैठकांत चहाच्या वेळी जे घोळके जमतात त्यांच्यात वेगळीच चर्चा ऐकू येते. "गाडीचं इंजिन उतरवलंय. माल कंपनीचा टाकू की बाहेरचा?" विचारणारा कधी कांदावाला असतो, कधी टोमॅटोवाला, कधी गळीत हंगामात कारखान्याला गाडी लावणारा. दारात ट्रॅक्टरशेजारी सात-आठ लाख किलोमीटर पळालेली जुनी सहाचाकी उभी आहे, असे आपले कार्यकर्ते आता थोडे नाहीत. उत्तर देणारे दोनच प्रकारचे. एक म्हणतो, "ओरिजिनलशिवाय हात लावू नको." दुसरा म्हणतो, "कंपनी नुसत्या नावाचे पैसे घेते, लोकल टाक आणि मोकळा हो." दोघेही छातीठोकपणे सांगतात आणि दोघांनीही हिशेब मांडलेला नसतो.

हा विषय अग्रलेखाचा कसा, असे काहींना वाटेल. नांगरटीपासून काढणीपर्यंत पै-पै लिहून उत्पादन खर्च काढायला आपण शिकलो. पण माल बांधापासून बाजारापर्यंत नेण्याचा खर्च आपण अजूनही अंदाजाने धरतो. गाडी स्वतःची असली तर विचारूच नका. डिझेल आणि टोल तेवढा खर्च, बाकी गाडी "आपलीच". आणि एक दिवस इंजिन बसते. वर्षाची कमाई एका रात्रीत जाते आणि ती कोणाच्याच तक्त्यात लिहिली जात नाही.

निफाड तालुक्यातल्या दोघा भावांचे असेच झाले. जुनी गाडी घेतली, कर्ज अर्धे फिटले, इंजिन ऑइल खाऊ लागले म्हणून उन्हाळी कांद्याच्या आधी ते बांधून घेतले. काटकसर केली नाही. मिस्त्री म्हणाला तसा सगळा माल "कंपनीचा" आणला. पावसाच्या तोंडाशी दहा टन कांदा भरून गाडी इंदूरला निघाली. शिरपूर ओलांडून बिजासनचा घाट चढताना ऑइलचा काटा खाली आला, खडखड झाली आणि इंजिन जागेवर जाम झाले. दुसरी गाडी मिळेपर्यंत दोन रात्री गेल्या. ताडपत्रीखाली कोंडलेला कांदा घामेजला आणि इंदूरच्या व्यापाऱ्याने व्हायची ती कपात केली. इंजिन खोलल्यावर क्रँक निळी पडलेली, बिगेंडची बेअरिंग फिरून पत्रा झालेली. लेथवाल्याने न वापरलेली उरलेली जोडी मायक्रोमीटरला लावली. एकाच जोडीतल्या दोन पाकळ्यांची जाडी वेगळी होती. खोके मात्र अस्सल, छपाईत कुठेही खोट नाही. बिल घेतलेले नव्हते, कारण बिल घेतले तर कर लागेल असे दुकानदार म्हणाला होता.

या प्रकरणात "ओरिजिनलच घ्या" हा सल्ला त्यांनी पाळलाच होता. पैसेही ओरिजिनलचे मोजले होते. तेव्हा सल्ला अपुरा आहे. ओरिजिनल की लोकल या दोन शब्दांत बाजारातला माल मावतच नाही.

माझी पदवी शेतीची. इंजिनातले जे काही कळते ते लेथवाल्यांच्या आणि मिस्त्र्यांच्या शेजारी बसून कळले. पण एक गोष्ट शेतीतच शिकलो होतो. बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असला तर ते प्रमाणित. हिरवा असला तर सत्यतादर्शक, म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या शब्दावर दिलेले. हिरव्या टॅगचे बियाणे वाईट असते असे नाही, कित्येक चांगली वाणे त्याच टॅगखाली येतात. फक्त शब्द कोणाचा ते बघायचे. खरा घात होतो तो तिसऱ्या ठिकाणी: पिशवी नामांकित कंपनीची आणि आत मोंढ्यातले धान्य. इंजिनाच्या सुट्या भागांत नेमके हेच आहे.

पहिला माल वाहन कंपनीच्या स्वतःच्या खोक्यातला. टाटांचा जेन्युईन, लेलँडचा लेपार्ट्स. दुसरा माल ज्या कारखान्यात तो भाग प्रत्यक्ष बनतो त्या कारखान्याच्या खोक्यातला. वाहन कंपनी पिस्टन, रिंगा, बेअरिंग, फिल्टर हे सगळे स्वतः बनवत नाही. गोएट्झेच्या रिंगा, चेन्नईच्या इंडिया पिस्टन्सचे पिस्टन, श्रीराम पिस्टन्सचा उषा छाप, कोईमतूरच्या बायमेटलची बेअरिंग, पुण्याच्या फ्लीटगार्डचे फिल्टर, साताऱ्याच्या कूपरचे लायनर. (हेच ते कूपर, ज्यांचे लोखंडी नांगर आपल्या आजोबांनी चालवले.) यांतले बरेच कारखाने वाहन कंपन्यांना माल देतात आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. तिसरा माल छोट्या कारखानदाराचा, त्याच्या स्वतःच्या नावाचा. त्याला हसू नये. महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींवर राजकोटची डिझेल इंजिने आणि राजकोटचेच सुटे भाग चालले, तेव्हा कुठे बागायत उभी राहिली. चौथा माल चोराचा: दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याचे खोके, आत काहीही.

"लोकल" म्हणताना आपण दुसरा, तिसरा आणि चौथा एका पोत्यात भरतो. आणि "ओरिजिनल" म्हणताना बऱ्याचदा चौथाच घरी आणतो, कारण चोर कधी छोट्या कारखानदाराचे खोके छापत नाही. ज्याला भाव आहे त्याचेच छापतो.

माझे मत असे, की जास्त पळालेल्या इंजिनाला भाग घेताना एकच प्रश्न प्रत्येक भागापुरता वेगळा विचारावा. हा भाग तुटला तर एकटाच जाईल, की बरोबर आणखी कोणाला घेऊन जाईल? जो बरोबर क्रँक किंवा ब्लॉक घेऊन जातो, तिथे पहिला किंवा दुसरा माल, पक्क्या बिलाने. जो एकटाच जातो आणि रस्त्याच्या कडेला बदलता येतो, तिथे तिसऱ्यालाही हरकत नाही. चौथा कुठेच नाही.

बेअरिंगपासून सुरुवात करू, कारण माणसे तिथेच फसतात. दिसायला ती वाकवलेली पत्र्याची पट्टी. प्रत्यक्षात पाठीला पोलाद, त्यावर तांबे-शिशाचा किंवा ॲल्युमिनियम-कथलाचा थर, आणि चांगल्या बेअरिंगला त्यावर आणखी एक अतिशय पातळ मऊ मुलामा, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. ऑइलमधून आलेला बारीक कण त्या मुलाम्यात रुतून बसतो आणि क्रँकला ओरखडा पडत नाही. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात तेलासाठी जागा असते जेमतेम केसाच्या जाडीएवढी. नकली बेअरिंगमध्ये हा मुलामा एक तर नसतो किंवा नुसता रंग असतो, आणि जाडी पाकळीगणिक बदलते. डोळ्यांना ते दिसत नाही, बोटांना कळत नाही, मायक्रोमीटरलाच कळते. लेथवाल्याकडे क्रँक ग्राइंडिंगला टाकताना बेअरिंगही सोबत न्यावी. दहा थाऊ अंडरसाईज म्हणजे पाव मिलिमीटर. क्रँक तेवढीच उतरली का आणि आणलेली बेअरिंग खरोखर त्याच मापाची आहे का, हे त्याने दोन्ही मापून कागदावर लिहून द्यावे. या कामाचे तो वेगळे पैसे मागेल. द्यावेत.

पिस्टनचे तसेच. डिझेल इंजिनाच्या चांगल्या पिस्टनमध्ये सगळ्यात वरच्या रिंगेच्या खाचेपाशी ॲल्युमिनियमच्या पोटात निकेलयुक्त बिडाचे कडे ओतून बसवलेले असते. वरच्या रिंगेवर आग आणि दाब दोन्ही आदळतात. नुसते ॲल्युमिनियम तिथे टिकत नाही, खाच रुंदावते, रिंग खेळू लागते आणि इंजिन पुन्हा ऑइल खाऊ लागते. स्वस्त पिस्टनमध्ये हे कडे नसते किंवा नीट चिकटलेले नसते. खाच नीट निरखली तर दोन धातूंची रेघ दिसते. दुसरी परीक्षा वजनाची. संचातले सहाही पिस्टन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा. चांगल्या संचात फरक थोड्या ग्रॅमचा असतो. वीस-पंचवीस ग्रॅम निघाला तर तो संच परत करावा, मग खोक्यावर कोणाचेही नाव असो.

लायनर घेण्याआधी आपले इंजिन कोणत्या जातीचे ते माहीत पाहिजे. काही इंजिनांना सुका लायनर असतो, काहींना पाण्यात उभा राहणारा ओला. आणि टाटा-कमिन्सच्या ५.९ लिटरच्या बी मालिकेतल्या इंजिनाला तर कारखान्यातून लायनरच नसतो. पिस्टन थेट ब्लॉकच्या १०२ मिलिमीटरच्या बोअरमध्ये चालतो. झिजल्यावर बोअर वाढवून ओव्हरसाईज पिस्टन टाकायचा किंवा स्लीव्ह ठोकायची. अशा इंजिनाला भागाच्या नावापेक्षा बोअर करणाऱ्याचा हात महत्त्वाचा. होनिंगच्या तिरप्या जाळीदार रेघा नीट आल्या नाहीत तर कंपनीच्या रिंगाही बसत नाहीत. काही मिस्त्री आरशासारखी गुळगुळीत बोअर दाखवून खूश होतात. गुळगुळीत भिंतीवर तेल थांबत नाही.

नोझल आणि पंपाचा विषय बेअरिंगइतकाच गंभीर. बंगळूरची मायको २००८ पासून बॉश नावाने ओळखली जाते, तरी गॅरेजमध्ये अजून "मायकोचं नोझल" हाच शब्द चालतो. जुन्या पंपाच्या गाडीला वाईट नोझल पडले तर डिझेलची फवारणी होत नाही, धार पडते. ती धार सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि नव्या रिंगा काही महिन्यांत जुन्या होतात. म्हणजे नोझल गेले ते एकटे गेले नाही. कॉमन रेलच्या गाडीत दाब हजार-दीड हजार बारच्या वर जातो. तिथे इंजेक्टर रस्त्यावर खोलून साफ करून घेणे म्हणजे मोतीबिंदूचे ऑपरेशन जत्रेत करून घेणे. शिवाय बऱ्याच इंजेक्टरवर एक क्रमांक कोरलेला असतो, तो गाडीच्या संगणकात भरावा लागतो. टेस्ट बेंच असलेल्या अधिकृत डिझेल सर्व्हिसकडे जाण्याला इथे पर्याय नाही.

आता फिल्टर. सगळ्यात स्वस्त भाग, म्हणून सगळ्यात जास्त हयगय. आपल्या गाड्या डांबरी रस्त्यावर कमी आणि शिवाररस्त्यावर, उसाच्या फडात जास्त धूळ खातात. एअर फिल्टरचा कागद हलका असला, किंवा फिल्टर चांगला आणि त्याच्यापुढची रबरी नळी फाटलेली असली, तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. नवे बांधलेले इंजिन वर्षाच्या आत पुन्हा धूर मारू लागले की सगळे पिस्टनला शिव्या देतात. आधी ती नळी बघा. ऑइल फिल्टर बदलताना जुना फिल्टर करवतीने कापून उघडावा. कागदाच्या घड्या एकसारख्या आहेत का, डिंक सुटला आहे का, आत धातूचा चुरा चमकतो का, हे दहा मिनिटांत कळते. खोक्यावरच्या होलोग्रामपेक्षा ही परीक्षा खरी.

राहिलेले भाग झटपट. फॅन बेल्ट, होज पाइप, क्लिपा, वॉटर पंपाचे किट, स्टार्टर-अल्टरनेटरचे कार्बन, दिवे, मडगार्ड, चाकातल्या बेअरिंग: इथे कंपनीच्या खोक्याचा हट्ट कशाला? फेनरचा बेल्ट फेनरच्या नावाने घ्या, चाकाची बेअरिंग एनबीसी किंवा एसकेएफची घ्या. वाचलेले पैसे इंजिनाच्या पोटात घाला.

हे पैसे वाचवणे म्हणजे नेमके किती, ते मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी गोल धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचा भाव घालावा. समजा सगळे काम चांगल्या मालाने दीड लाखात होते आणि इंजिन तीन लाख किलोमीटर चालते. किलोमीटरला ५० पैसे. हलक्या मालाने तेच काम १ लाख १० हजारात होते आणि इंजिन एक लाख किलोमीटर चालते. किलोमीटरला १ रुपया १० पैसे. स्वस्त माल दुपटीहून महाग पडला, आणि गाडी तीनदा उभी राहिली ते वेगळेच. मजुरी, लेथ, इंजिन उतरवणे-चढवणे हे खर्च मालाच्या दर्जावर ठरत नाहीत. ते दर वेळी तितकेच लागतात.

पण खरा आकडा डिझेलचा आहे. गाडी लिटरला ५ किलोमीटर देत होती ती साडेचारावर आली, तर एक लाख किलोमीटरला २०,००० लिटरच्या जागी २२,२२२ लिटर डिझेल जळते. लिटर ९० रुपये धरला तर दोन लाख रुपये. अर्ध्या किलोमीटरच्या ॲव्हरेजमध्ये अख्खे इंजिनकाम बुडून जाते! ज्या नोझलवर, एअर फिल्टरवर आणि रिंगांवर हे ॲव्हरेज टिकते, तिथे दोन-चार हजार वाचवणारा माणूस हिशेबी म्हणायचा की कसा, ते ज्याचे त्याने ठरवावे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. गाडीचीच किंमत उतरलेली असेल, चॅसिस गंजलेली असेल, दोन वर्षांत ती काढायचीच असेल, तर तिच्या पोटात संपूर्ण कंपनीचा माल भरणे म्हणजे मोडक्या मोटेला नवी चामडी सोंड. अशा वेळी कारखान्याच्या खोक्यातला दुसऱ्या प्रकारचा माल घेऊन नुसते रिंगा-बेअरिंगचे हाफ काम करावे. पण तेही मोजमाप झाल्यावर. कॉम्प्रेशन तपासा, गरम इंजिनावर ऑइलचा दाब बघा, टर्बोत ऑइल येते का बघा. टर्बोच्या ऑइलचा निळा धूर पाहून अख्खे इंजिन उतरवणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. काही कंपन्या जुने इंजिन घेऊन कारखान्यात पुन्हा बांधलेले इंजिन देतात, त्याचाही भाव एकदा विचारावा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि पाण्याबद्दल. आपल्याकडे रेडिएटरला विहिरीचे पाणी भरतात. ज्या पाण्याने जमीन खारवते ते इंजिनाला मानवेल कसे? क्षाराचा थर बसतो, उष्णता बाहेर जात नाही. ओल्या लायनरच्या इंजिनात साध्या पाण्यामुळे लायनरला बाहेरून सुईच्या टोकासारखी छिद्रे पडू लागतात. मग कंपनीचा लायनर असो की राजकोटचा, पाणी ऑइलमध्ये उतरते. कूलंट टाकावे, योग्य प्रमाणात, शुद्ध पाण्यात. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जी रीत पडली आहे ती तर बंदच करावी. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर बायपासची वाट उघडीच राहते, थोडे पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरते आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

२०२० च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्याही आता जुन्या होऊ लागल्या आहेत, म्हणून दोन शब्द. या गाड्यांना धुराची गाळणी आहे. जास्त राख सोडणारे जुन्या प्रतीचे ऑइल टाकले तर ती गाळणी चोंदते. गाडीच्या पुस्तकात ऑइलची जी प्रत लिहिली आहे तीच टाकावी, कोणत्या कंपनीचे ते नंतर. आणि डीईएफ. इथे मला शेतीचा माणूस म्हणून बोलले पाहिजे. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, हे कळल्यापासून काही हुशार लोक शेतीच्या युरियाची पिशवी पाण्यात विरघळवून टाकीत ओततात. आपला युरिया २०१५ पासून निमकोटेड आहे. त्यातले निंबोळी तेल, बाययुरेट आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार मिळून तो महागडा कॅटॅलिस्ट कायमचा मारतात. भाग नकली नाही, खोके नकली नाही, आपणच घरी नकली माल तयार केला. वर ४५ किलोची अनुदानाची पिशवी शेतीबाहेर वापरणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा. खरिपात युरियासाठी रांगा लावायच्या आणि तोच युरिया गाडीच्या टाकीत घालायचा, हे आपल्या तोंडी शोभत नाही.

आता कंपन्यांकडे वळू. चोराच्या मालाला गिऱ्हाईक का मिळते? कंपनीचा माल महाग म्हणून, आणि तालुक्याच्या गावी मिळत नाही म्हणून. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ दिली जात नाही, भाग बनवणाऱ्या कारखान्यांना थेट विकायला आडकाठी केली जाते, असे आयोगाला दिसले. प्रकरण मोटारींचे होते, मालट्रकचे नव्हते. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाच्या रकमेचा वाद लांबला. पण तत्त्व मालट्रकला आणि ट्रॅक्टरला तितकेच लागू आहे. वस्तू विकत घेतली की ती दुरुस्त करण्याचा हक्क घेणाऱ्याचा. केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारे आणि वाहने ही दोन्ही क्षेत्रे घेतली. डिसेंबरात माहितीचे पोर्टलही उघडले. माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर राहिले तर त्या हक्काचा उपयोग किती, हे सांगायला नको. मापांचे तक्ते, भागांचे क्रमांक, बोल्ट किती जोराने आवळायचा याचे आकडे हे कोणत्याही गावच्या मिस्त्र्याला मराठीत मिळाले पाहिजेत, ही मागणी आपण धरली पाहिजे. बाजार मोकळा असावा असे आपण शेतमालाबद्दल म्हणतो. सुट्या भागांचा बाजार मोकळा झाला तर तो चोरांना मोकळा नको, कारखानदारांना मोकळा हवा.

कराचे एक निमित्त तर आता उरलेले नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे. पूर्वी बहुतेक भागांवर २८ होता. बिलाशिवाय घेऊन वाचणारी रक्कम तेवढी घटली, आणि बिल नसल्याने बुडणारी रक्कम तशीच राहिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला संरक्षण नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे. एकच गाडी असलेला, ती स्वतः चालवणारा शेतकरी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. नकली छाप लावणे किंवा तसा माल विकणे याला १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. कायदा कडक आहे. पण निफाडच्या त्या दोघा भावांच्या हातात कोर्टाला दाखवायला कागदाचा चिठोराही नव्हता. बिलावर भागाचा क्रमांक आणि बनवणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. नुसते "बेअरिंग सेट १ नग" असे बिल म्हणजे "पिकाचे औषध १ बाटली" असे बिल.

चोराला अस्सल खोकी कोण पुरवतो? आपणच. इंजिनकाम झाल्यावर रिकामी खोकी गॅरेजच्या कोपऱ्यात पडतात, भंगारवाला ती नीट घडी करून घेऊन जातो, कारण चांगल्या खोक्याला तो रद्दीपेक्षा जास्त भाव देतो. जुने पिस्टन, जुन्या बेअरिंग पॉलिश होऊन त्याच खोक्यात परत येतात. तेव्हा काम झाल्यावर खोके फाडावे, होलोग्राम खरवडावा, जुन्या बेअरिंगवर हातोडा घालावा आणि मगच भंगारात द्यावे. मिस्त्री कुरकुरेल, त्याची चहापाण्याची मिळकत बुडते. त्याला मजुरीत दोनशे रुपये जास्त द्या.

येत्या तालुका बैठकांना ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एक कागद करून आणावा. गाडीचे इंजिन कोणते, शेवटचे काम किती किलोमीटरवर झाले, कोणता भाग कोणाच्या खोक्यातला टाकला, बिल होते का, आणि त्यानंतर इंजिन किती पळाले. दुकानाचे नाव लिहिले तरी ते वाचून दाखवले जाणार नाही. चाळीस-पन्नास कागद जमले तर आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर, आपल्या धुळीत कोणता माल किती टिकतो याचा स्वतःचा तक्ता तयार होईल, आणि तो पुढच्या अंकात छापू. लेथचे काम करणारे दोघे कारागीर बैठकीला यायला तयार झाले आहेत. ते मायक्रोमीटर घेऊन येतील. ज्यांच्या घरी न वापरलेल्या बेअरिंग किंवा पिस्टन पडून आहेत त्यांनी सोबत आणाव्यात, तिथेच मापून देतील.